तेविसातले आठ

घोडागाड्यांच्या त्या शर्यतीतलं शेवटच्या वळणापर्यंतचं मला सगळं लख्ख आठवतं. आम्ही चौथे होतो. पुढे झारेनची करडी घोडी, आणि तिच्या गाडीच्या चाकांतून उडालेली माती माझ्या दातांत. आमची कान्नेला सुरेख दुडकत होती. दालचिनीच्या रंगाची म्हणून कान्नेला. कागदावरचं तिचं फ्रेंच नाव आम्हा दोघा भावांना कधी नीट उच्चारता आलं नाही. ती दुडकी मोडून चौखूर झाली असती तर आम्ही बाद झालो असतो, म्हणून डाव्या हातात लगाम घट्ट होता. माझा थोरला भाऊ साल्वू कठड्यावर अर्धा लोंबकळत ओरडत होता, "आता! नेनू, आता काढ तिला बाहेर!"

मी तिला बाहेर काढलं आणि उजव्या हातानं चाबूक उचलला.

पाच फटक्यांची मुभा होती, तीही नुसत्या मनगटानं. कोपर खांद्याच्या वर गेलं तर पंच बोलावून घेत. पाच झाले तेव्हा झारेनची घोडी आमच्यापुढे जेमतेम मानभर होती. सहावा मी जाणूनबुजून मारला. सातवाही. आठव्याला हात पार डोक्यावर गेला, आणि तो फटका तिच्या पुठ्ठ्यावर असा बसला की तो आवाज मला गाडीच्या खडखडाटातही ऐकू आला. मग जळक्या रबराचा वास आला.

त्यापुढचं आठवतं ते एकदम मैदानाच्या पलीकडच्या टोकाचं. कान्नेला उभी होती, चारही पाय थरथरत होते. झारेन स्वतःची गाडी सोडून खाली उतरला होता. एका हातानं त्यानं तिचं तोंड धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं माझा चाबूक.

"सोड! सोड म्हणतो ना!" तो किंचाळत होता. "वेडा झालास काय रे? शर्यत कधीच संपली!"

मी बोटं उघडली. चाबकाचं टोक चिरलं होतं.

"जिंकलो का?" मी विचारलं.

झारेन माझ्याकडे बघतच राहिला. मग बाजूला थुंकला आणि म्हणाला, "लाज वाटू दे जरा."

मुद्दाम काही केलं म्हणून लाज वाटते. मला वाटली ती भीती. वळण आणि हे टोक यांच्यामध्ये किमान सहाशे मीटर धाव होती, आणि ती माझ्याजवळ नव्हतीच. शिट्ट्या मारणारा आमचा तो जमाव गप्प उभा होता, हे तर मला नंतर उमगलं.

तबेल्यात साल्वू स्पंज घेऊन तिच्या पाठीवर पाणी सोडत होता. मी आत पाऊल टाकलं तशी कान्नेला मागे सरली, भिंतीला चिकटली आणि डोळ्यांची पांढरी कडा दाखवत माझ्या उजव्या हाताकडे बघत राहिली. हात रिकामा होता. मी तो खिशात घातला.

"पंचांनी बुधवारी संध्याकाळी बोलावलंय," साल्वू म्हणाला. "पहिला नंबर तर गेलाच. ऐक, तिथं जास्त शहाणपणा करू नकोस. रागात हात सुटला म्हण. दोन-तीन महिने बसवतील, उन्हाळ्यात परत येशील."

"साल्वू, मला आठवत नाही."

त्यानं स्पंज पिळला. पिळत राहिला, पाणी संपलं तरी.

"काय आठवत नाही?"

"आठच्या पुढचं."

"राग डोक्यात गेला की असंच होतं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "सगळ्यांचंच होतं. हे कुणाजवळ बोलू नकोस. दित्ताजवळसुद्धा नाही, बायको असली तरी."

तो असं का म्हणाला हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्याला. आमचे पापा दगडाच्या खाणीत शिडीवरून पडून गेले. मी तेव्हा चौदाचा, साल्वू एकोणीसचा. गाव म्हणालं, प्यायले असतील. पापा सणाच्या दिवशीही ग्लासाला हात लावत नसत. पण आई कधीकधी म्हणायची, "हे मधूनच कुठंतरी जातात." जेवता जेवता त्यांचा हात थांबायचा, ओठ चव घेतल्यासारखे हलायचे, नजर दाराच्या कडीवर खिळायची. आम्ही पोरं श्वास रोखून बसायचो. मग ते परत यायचे आणि विचारायचे, "काय झालं? का बघताय असे?" डॉक्टरकडे जायचं नाव काढलं की ते म्हणत, खाणवाल्याला कळलं तर उद्यापासून घरी बसावं लागेल.

मी पावाची गाडी चालवतो. म्हणजे तेव्हा चालवत होतो. पहाटे भट्टीवरून पाव उचलायचे आणि झेब्बूज, रबात, सिज्जीवी या गावांतल्या दुकानांत पोचवायचे. जळक्या रबराचा तो वास मला शर्यतीआधीही तीन-चारदा आला होता. प्रत्येक वेळी गाडी थांबवून मी टायर तपासले होते.

बुधवारी मी चर्चला घालतो तो कोट घालून गेलो. खोलीत तीन पंच होते. मधे विस्टिन आब्दिला, स्वतः एके काळचे गाडीस्वार, गुडघे गेलेले. डावीकडे डॉक्टर फिदेला, घोड्यांच्या डॉक्टर, साठीच्या पुढच्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. मैदानावरचे रांगडे गडीही त्यांना टरकून असत. उजवीकडे एक तरुण पंच चित्रफीत लावायला बसला होता. साल्वू निम्म्या घोडीचा मालक म्हणून माझ्या मागच्या खुर्चीत बसला.

"किती मारलेस?" विस्टिननी विचारलं.

"आठ," मी म्हणालो.

तरुण पंच हसला. डॉक्टरबाई हसल्या नाहीत.

"नेनू," त्या म्हणाल्या, "चित्र सावकाश लावतो आहोत. तुम्ही मोजा. मोठ्यानं."

पडद्यावर वळण आलं. मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन. तो माणूस मीच होतो. जबडा आवळलेला, नजर झारेनच्या चाकांवर. सहाला माझा आवाज जरा खाली गेला. आठला तो उंच गेलेला हात बघून विस्टिन जीभ टाळूला लावून च्च असं म्हणाले.

"नऊ," मी म्हणालो.

पडद्यावरच्या माणसाचा चेहरा रिकामा झाला होता. राग नाही, घाई नाही. मान थोडी डावीकडे वळलेली, घोडीकडे नाही, झारेनकडे नाही, कुणीच नसलेल्या बाजूला. ओठ हलत होते, तोंडात गोळी चघळावी तसे. आणि हात चालला होता. वर, खाली, वर, खाली, एका तालात, कणीक तिंबणाऱ्या यंत्रासारखा. घोडीच्या पावलांशी त्या तालाचा काही संबंध नव्हता.

"थांबू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"चौदा. पंधरा." ते ओठ मी ओळखले. ते पापांचे होते. "सोळा. सतरा."

शेवटचा खांब मागे गेला. बाकीचे गाडीस्वार लगाम सैल सोडून मागे रेलले. झारेननं तर माझं अभिनंदन करायला हात उचलला होता, ते मला आत्ता दिसलं. आणि माझा हात चाललाच होता. कान्नेला मान फिरवून मागे बघायला धडपडत होती, एकदा या बाजूनं, एकदा त्या. काय चुकलं ते ती विचारत होती असं मला वाटलं. मी तेवीसपर्यंत मोजलं. तेविसाव्याला झारेनचा हात पडद्यात आला आणि चित्र थांबलं.

"हे तुम्हाला आठवतं का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

मागे साल्वू खोकला.

मला एका क्षणात पुढचं सगळं दिसलं. नाही म्हटलं तर घोड्याच्या गाडीचा परवाना गेला. मग कुणीतरी कुणालातरी सांगणार आणि पावाच्या गाडीचाही जाणार. मग मला भट्टीच्या आगीपाशीही कुणी उभं करणार नाही. आणि त्याही पलीकडे काहीतरी होतं, ज्याला माझ्याजवळ शब्द नव्हता: मी नसताना माझ्या हातात कोण असतं?

"आठवतं," मी म्हणालो. "राग आला होता."

"कशाचा?"

"ती पुढे जाईना म्हणून."

"ती पुढे गेली होती," डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही जिंकला होतात."

मी मान खाली घातली. खाली मान म्हणजे कबुली, असं सगळ्यांनी धरलं. विस्टिननी सहा महिन्यांची बंदी सुनावली. "तुझ्यासारख्यांमुळे लोक आमच्यावर दगड मारतात," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं.

बाहेर पडताना डॉक्टरबाई दाराशी उभ्या होत्या. साल्वू पुढे गेला होता.

"चाळीस वर्षं मी घोड्यांना मारणारी माणसं बघतेय," त्या म्हणाल्या. "रागावलेली, प्यालेली, पैजेत अडकलेली. त्यांची मला भीती नाही वाटत. तुमचा चेहरा बघून वाटली."

जिना उतरताना कठडा दोन्ही हातांनी धरला होता.

गावात बातमी माझ्याआधी पोचली. चौकातल्या कॅफेत मी चहा मागितला तर मालक म्हणाला, "ग्लास हळू ठेव रे बाबा, तेवीस तुकडे व्हायचे." सगळे हसले. एका म्हातारीनं मी दिलेला पाव घेताना माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. हे मी सोसू शकत होतो. निर्दय म्हटलेलं मला चाललं असतं. मला घाबरवत होतं ते घड्याळ.

मी गाडीत दर मिनिटाला घड्याळ बघायला लागलो. सहा वाजून बारा. सहा तेरा. सहा चौदा. मधला एखादा आकडा निसटला की गाडी कडेला घ्यायचो. आरशात ओठ बघायचो, हलतायत का. सिग्नलला थांबलो की मोठ्यानं स्वतःचं नाव घ्यायचो. घरी सुरी दित्ताच्या हातात द्यायचो, "तूच काप." तिनं एकदा विचारलं, "मला हातसुद्धा लावत नाहीस हल्ली. मी काय केलं?" मी म्हटलं, दमलोय. रात्री ती झोपली की मी उजवा हात उशीखाली दाबून वर डोकं ठेवायचो.

कान्नेलाला साल्वू बघत होता. मी तबेल्यात जायचं टाळलं.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी शाळेची बस चुकली आणि क्यारा पावाच्या गाडीत चढून बसली. अकरा वर्षांची माझी मुलगी. मी म्हटलं, चालत जा. ती म्हणाली, "पापा, तीन किलोमीटर? वेडा आहेस का?" आणि तिनं पट्टा लावला. नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही. खरं कारण होतं, ते तोंडाबाहेर आलं नाही.

ऊन पडलं होतं. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, त्यावर निवडुंग. ती मला भूगोलाच्या बाईंची नक्कल करून दाखवत होती आणि मी खरंच हसत होतो. घड्याळ बघायचं राहून गेलं. मग तो वास आला. मी म्हणालो, "क्यारा." एवढंच म्हटल्याचं आठवतं.

पुढे आवाज होता. भोंग्याचा. तुटक, एका तालात वाजणारा. गाडी रस्त्याच्या उजव्या कडेला, चुकीच्या बाजूला, गडग्याला घासून उभी होती. उजवा आरसा मोडून लोंबत होता. माझा उजवा हात वर जात होता आणि स्टिअरिंगच्या मधोमध आपटत होता. मी तो थांबवला. म्हणजे तो थांबला; मी थांबवला असं म्हणता येणार नाही.

क्यारा दाराकडे अंग चोरून बसली होती. तिचे दोन्ही हात हँडब्रेकवर होते, बोटं पांढरी पडलेली. तिनं तो ओढला होता. दित्ताच्या वडिलांच्या जुन्या गाडीत खेळताना कधीतरी शिकली असेल.

ती माझ्या हाताकडे बघत होती. कान्नेलाची तीच नजर.

"पापा," ती अगदी हळू म्हणाली, "तू कुणाला मारत होतास?"

"कुणाला नाही, बाळा."

"मी हाका मारल्या. खूप मारल्या."

समोरून कुणी आलं नव्हतं एवढंच. थोडं पुढे, वळणापलीकडे, रस्त्यावर बायकांचा घोळका मुलांना शाळेत सोडायला चालला होता. मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "मम्माला सांगू नकोस."

"बरं," क्यारा म्हणाली. लगेच. एकही प्रश्न न विचारता. या मुलीनं आजवर साधी आंघोळ कर म्हटलं तरी वाद घातल्याशिवाय केली नव्हती. ते शहाणं, आज्ञाधारक "बरं" ऐकून मला जे वाटलं ते पडद्यावरचा माणूस बघतानाही वाटलं नव्हतं. माझं वय तेवढंच असताना आईनं आम्हाला सांगितलं होतं, बाहेर बोलू नका, आणि आम्हीही म्हणालो होतो, बरं.

मी किल्ली काढली. आम्ही दोघं शाळेपर्यंत चालत गेलो. ती माझ्या डाव्या बाजूनं चालली. दाराशी मी खाली बसलो आणि म्हणालो, "मी चुकीचं बोललो. मम्माला सांग. सगळ्यांना सांग. मी पण सांगणार आहे." तिनं मान हलवली, आणि मग ती रडायला लागली.

दित्तानं ऐकून घेतलं. मी ओरडण्याची वाट बघत होतो. ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "पाच आठवडे? पाच आठवडे तू या गाडीत रोज बसलास?" मग उठून तिनं किल्ल्या माझ्या खिशातून काढल्या आणि स्वतःच्या गळ्यातल्या साखळीत अडकवल्या.

साल्वू मात्र चिडला. तबेल्याच्या अंगणात आम्ही दोघं समोरासमोर उभे होतो.

"एकदा डोळा लागला असेल! पहाटे उठणाऱ्याचा लागतो. त्यासाठी सगळं घर बुडवणार आहेस? पापांनी मरेपर्यंत कुणाला कळू दिलं नाही!"

"हो. मरेपर्यंतच."

"त्यांची अब्रू होती गावात."

"लोक दारुडा म्हणतात त्यांना, साल्वू. आजही म्हणतात."

त्यानं खराट्याचा दांडा भिंतीवर आपटला आणि तो निघून गेला.

डॉक्टर फिदेलांचा दवाखाना रबातला आहे. दित्तानं मला सोडलं. आत एक माणूस बोकड घेऊन बसला होता, त्याच्यानंतर माझा नंबर लागला. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं: वास, पापा, शिडी, गडगा, भोंगा. पंचांसमोर खोटं बोललो तेही.

त्यांनी हातमोजे काढून कचऱ्यात टाकले.

"मी वाटच बघत होते," त्या म्हणाल्या. "उशीर केलात. मीही केला. त्या दिवशी दाराशी नुसतं बोलून सोडून द्यायला नको होतं तुम्हाला." मग त्या जरा हसल्या. "पण मी फक्त चार पायांची डॉक्टर. तुम्हाला मोठ्या इस्पितळात जावं लागेल. ती चित्रफीत मी मागवून देते. ती न्या."

मेंदूच्या डॉक्टरांनी ती पाच वेळा बघितली. माझ्याकडे एकदाही न बघता. मग शेजारच्या खोलीतून आणखी एकाला बोलावलं आणि दोघांनी मिळून सहाव्यांदा बघितली. डोक्याला तारा लावल्या, बोगद्यासारख्या यंत्रात झोपवलं. शेवटी म्हणाले, ही फिटच आहे. जमिनीवर पडून हातपाय झाडले तरच फिट, असं नसतं. काहींना अशी येते: माणूस बसलेला असतो, डोळे उघडे असतात, हात जे करत होता तेच करत राहतो.

"जे करत होता तेच?" मी विचारलं.

"बहुतेक वेळा. चहा ढवळत असेल तर ढवळत राहतो."

मी चहा ढवळत नव्हतो. बसथांब्यावर मी दित्ताला हेच म्हणालो. ती म्हणाली, "आता पुरे कर." पण मला ते पुरेसं वाटलं नाही.

पंचांना मी पत्र लिहिलं आणि त्यांनी पुन्हा बोलावलं. तीच खोली, तीच तीन माणसं. साल्वू आला नाही. विस्टिननी इस्पितळाचे कागद वाचले, चष्मा काढला, आणि पहिल्यांदाच माझ्याशी नरम आवाजात बोलले.

"अरे, मग तुझी चूकच नाही यात. परवाना मात्र काढून घ्यावा लागेल, तो काही मिळणार नाही परत. पण ती बंदी मी पुसून टाकतो. निर्दोष म्हणून लिहितो. गावात तोंड तरी दाखवता येईल."

ते घ्यावं असं वाटलं. शप्पथ, फार वाटलं.

"पुसू नका," मी म्हणालो. "आठ माझे आहेत."

"काय?"

"पहिले आठ. ते मला आठवतात. पाचाचा नियम मला माहीत होता. सहावा मी ठरवून मारला. आठव्याला हात कुठं होता तुम्ही बघितलंत. तिथं मी होतो. आणि चाबूक हातात नसता तर पुढचे पंधरा कशानं मारले असते?"

"पण तुझ्याकडे परवानाच नाही तर बंदी घालू कशावर?" विस्टिन वैतागून म्हणाले. "मेलेल्याला फाशी देऊ काय?"

"लिहून घ्या," डॉक्टर फिदेला म्हणाल्या. "आठ फटके, कोपर खांद्याच्या वर. दुसऱ्या कुणाला दिली असती तीच शिक्षा लिहा."

सहा आठवडे लिहिले. तरुण पंचानं सही घेताना माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझी फिट अजून उतरलीच नव्हती. मी शिक्षा मागून घेतली यावर कॅफेत तर महिनाभर विनोद चालला.

पावाच्या गाडीवर दुसरा माणूस आला. मी भट्टीवाल्याच्या दुकानात गल्ल्यामागे उभा राहायला लागलो. गोळ्यांनी जीभ जड झाली होती, गिऱ्हाइकांची नावं विसरायचो, आणि दर वेळी वाटायचं, हे गोळ्यांमुळे की ते परत आलं? त्या वर्षात ते दोनदा आलं. दोन्ही वेळा मी जमिनीवर, उशीला टेकून, दित्ता शेजारी. ती म्हणाली, उजवा हात फक्त चादर चोळत होता.

साल्वू दोन महिन्यांनी दुकानात आला. एक पाव घेतला, टोपी फिरवत उभा राहिला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

"तुला वास येतो ना," तो म्हणाला, "तो दरवेळी रबराचाच येतो?"

"हो."

"बाकी काही नाही? डोळ्यांसमोर ठिपके वगैरे? कान वाजणं?"

"नाही."

त्यानं श्वास सोडला. एवढे दिवस तो माझ्यावर चिडला नव्हता, स्वतःसाठी घाबरला होता, हे मला तेव्हा कळलं. पाच वर्षांनी मोठा माझा भाऊ, घरातल्या घरात एकटाच घाबरत बसलेला. मी म्हणालो, "तरी एकदा दाखवून ये. मी येतो बरोबर." तो म्हणाला, बघू. गेला मात्र पुढच्याच आठवड्यात. त्याला काही निघालं नाही.

कान्नेला आता झारेन चालवतो. साल्वूनंच त्याला विचारलं, आणि सगळ्यांना वाटलं होतं तो नाही म्हणेल. तबेल्यात मी रोज जाऊन बसायचो, दारापासून लांब, उलट्या केलेल्या बादलीवर. पहिले तीन आठवडे ती भिंतीजवळून हलली नाही. नंतर खायला लागली, मी असतानाही. एवढंच. डाव्या हातानं गाजर धरलं तर घेते. उजव्यानं अजून घेत नाही.

मार्चमध्ये ती पहिल्यांदा पुन्हा धावली. मी, दित्ता आणि क्यारा कठड्याला उभे होतो. वळणावर ती तिसरी होती, झारेननं तिला बाहेर काढलं आणि आसपासची माणसं नेहमीसारखी ओरडायला लागली, "मार! मार तिला!" झारेननं दोनदा मनगट हलवलं. अंतर कमी होत होतं. फार थोडं राहिलं होतं. तेवढ्यात दित्तानं माझं कोपर धरलं, आणि मला ऐकू आलं की मीही ओरडतोय. तेच. इतरांपेक्षा मोठ्यानं.

वास आला नव्हता. घड्याळात चार वाजून सव्वीस मिनिटं झाली होती, एकही मिनिट निसटलं नव्हतं.

मी तोंड मिटलं. कान्नेला चौथी आली. क्यारा माझ्याकडे बघत होती. मग तिनं भूक लागली म्हटलं आणि आम्ही तिघं पास्तीत्सी, चीज भरलेल्या पापुद्र्याच्या करंज्या, घ्यायला रांगेत उभे राहिलो. माझ्या पुढचा माणूस झारेनला शिव्या घालत होता, आणखी दोन हाणले असते तर घोडी जिंकली असती म्हणून. "बरोबर ना?" त्यानं मागे वळून मला विचारलं. त्यानं मला ओळखलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. मग पुन्हा एकदा म्हणालो, "नाही."

त्यानं खांदे उडवले आणि पुढे सरकला.